न चाललेल्या गाडीचं जॉब कार्ड

चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या मोठ्या गृहसंकुलांच्या तळघरांत धूळ पांघरून उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या की या भागातल्या नोकरीचं स्वरूप कळतं. एल्कॉटच्या सेझपासून सिरुसेरीच्या सिपकॉटपर्यंत ओएमआर या रस्त्यावर पसरलेल्या कंपन्यांत काम करणारा माणूस रोज कंपनीच्या बसने नाहीतर कॅबने जातो, जवळच्या कामाला स्कूटर काढतो आणि मेट्रोच्या बांधकामाने आक्रसलेल्या रस्त्यावर चारचाकी घालणं शक्यतो टाळतो. पुण्या-कोल्हापूरकडून आलेल्या मराठी कुटुंबांची गाडी तर अनेकदा वर्षातून एकदाच खऱ्या अर्थाने बाहेर पडते, दिवाळीत किंवा मे महिन्यात, गावी जाण्यासाठी. मग वर्ष सरतं, सर्व्हिसिंगचा निरोप येतो, काट्यावर जेमतेम तीन हजार किलोमीटर वाढलेले असतात आणि मालक विचारतो, हिचं आता करायचं काय? गाड्यांच्या देखभालीच्या कामात हा प्रश्न सतत समोर येतो आणि त्याची सवयीने दिली जाणारी दोन्ही उत्तरं मला चुकीची वाटत आली आहेत. मालक म्हणतो, चाललीच नाही तर झिजली कुठे, पुढच्या वर्षी बघू. वर्कशॉप म्हणतं, दुसरं वर्ष ना, मग वीस हजार किलोमीटरची सर्व्हिस लावा. माझं मत असं की कमी चाललेल्या गाडीची सर्व्हिस ती किती चालली यावरून ठरवूच नये. ती कुठे, कशी आणि किती काळ उभी होती, आणि जागची हलल्यावर तिच्याकडून एकदम किती काम घेतलं जाणार आहे, यावरून ठरवावी.

कंपनीच्या पुस्तिकेत बहुतेक ठिकाणी एकच वाक्य असतं: दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. त्या 'किंवा'मुळे दोन वेगळ्या गोष्टी एकाच डब्यात जातात. काही भाग वापराने झिजतात, जसे ब्रेक पॅड, क्लच प्लेट, एअर फिल्टर. काही भाग नुसत्या काळाने म्हातारे होतात, मग गाडी धावो न धावो. रबर, ब्रेक ऑइल आणि कूलंट यांतले. आणि तिसरा गट पुस्तिकेत क्वचितच सापडतो, तो उभं राहिल्यामुळेच बिघडणाऱ्या भागांचा. बॅटरी, ब्रेकच्या डिस्क, हँडब्रेकची केबल, एसीच्या कॉम्प्रेसरचं सील हे सगळे चालत्या गाडीत जास्त सुखी असतात. विमानाच्या क्षेत्रात हा भेद फार आधीपासून पाळला जातो. सेस्ना १७२सारख्या छोट्या विमानांत बसणारी इंजिनं बनवणारी लायकमिंग ही कंपनी ओव्हरहॉलसाठी उड्डाणाचे तास तर देतेच, पण तेवढे तास भरले नाहीत तरी बाराव्या वर्षी इंजिन उघडा असंही सांगते. तेल बदलण्याचा त्यांचा नेम ५० तास किंवा चार महिने असा आहे. विमान हँगरमध्ये पडून असेल तर चार महिन्यांचीच अट आधी लागते. न उडणाऱ्या इंजिनाला गंज जास्त धरतो, हे त्यांना अनुभवाने माहीत आहे. मोटारीचं इंजिन इतकं नाजूक नसतं, हे कबूल. पण हिशेब करण्याची पद्धत उचलण्यासारखी आहे.

याचं आणखी स्वच्छ उदाहरण कॅराव्हॅनचं. महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणं जाहीर केली, त्यामुळे हा शब्द आपल्याकडे आता अगदी परका राहिलेला नाही. आपल्या डोळ्यांपुढे येते ती इंजिन असलेली, आत बिछाना आणि स्वयंपाकाचा ओटा असलेली गाडी. ब्रिटनमधली पर्यटनाची कॅराव्हॅन मात्र बहुधा मोटारीमागे जोडून ओढत न्यायची असते. तिला इंजिन नाही, गिअर नाहीत, किलोमीटरचा काटाही नाही. वर्षातले काही आठवडे रस्त्यावर आणि बाकीचा काळ अंगणात किंवा भाड्याच्या जागेत ताडपत्रीखाली, असा तिचा संसार. तरी तिची वर्षाला एकदा सर्व्हिस होते आणि तिच्यात जे पाहिलं जातं ते बघण्यासारखं आहे: ब्रेक मोकळे आहेत का, चाकांची बेअरिंग, गॅसची नळी आणि जोड, वीज, आणि भिंतींत ओल शिरली आहे का, हे मीटर लावून. टायरच्या बाबतीत तिथला रूढ सल्ला असा की नक्षी शाबूत असली तरी पाच वर्षांनी बदलण्याचा विचार करा आणि सातव्या वर्षापलीकडे वापरूच नका. नक्षी न झिजलेला टायर फेकून द्या, हे सांगणं आपल्याकडच्या मालकाला उधळपट्टी वाटेल. पण काटाच नसल्यामुळे त्या लोकांना 'किती चालली' हा प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. त्यांना थेट 'कशी उभी होती' इथून सुरुवात करावी लागली. आपल्या तळघरातली गाडी वागते या कॅराव्हॅनसारखी, पण तिला काटा आहे म्हणून आपण फसतो.

आता 'कशी उभी होती' या प्रश्नाला शोळिंगनल्लूरमध्ये खास अर्थ आहे. सिग्नलपासून पूर्वेला बकिंगहॅम कालवा ओलांडून अक्करैला ईसीआर या किनारी रस्त्यावर पोचायला फार तर अडीच-तीन किलोमीटर; त्याच्या पलीकडे समुद्रच. हवेतून येणारं मीठ पत्र्यावर, बोल्टवर, बॅटरीच्या टर्मिनलवर बसतं. हे मीठ कोरडं राहिलं तर फारसं काही करत नाही. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं आणि गंजासाठी लागणारं द्रावण आयतं तयार होतं. चेन्नईच्या सकाळी तेवढी आर्द्रता ही बातमी नाही. चालणाऱ्या गाडीचे ब्रेक रोज घासले जातात, गरम होतात, वाळतात. उभ्या गाडीच्या डिस्कवर तोच गंज थराथराने बसत जातो. त्यात इथली एक प्रथा भर घालते. तिरुवान्मियूरपासून कोवळमपर्यंतच्या या किनारपट्टीत जमिनीखालच्या पाण्यात समुद्राचं खारं पाणी शिरलेलं आहे. पिण्याच्या पाण्यासाठी टँकर आणि धुण्याला बोअरचं पाणी हा अनेक संकुलांचा शिरस्ता. गाडी धुणारा माणूस महिन्याच्या पगारावर, इमानाने, बादलीभर बोअरच्या पाण्याने गाडी पुसत राहतो, चाकांवर पाणी मारतो, आणि गाडी तशीच ओली उभी राहते. गाडी चकचकीत दिसते आणि खालून मीठ चाखत असते. असल्या गाडीचं जॉब कार्ड लिहिताना माझ्या लेखी पहिली ओळ गाडी उचलून चारही चाकं काढण्याची असते: डिस्क आणि ड्रम साफ करा, कॅलिपरच्या पिना मोकळ्या करून ग्रीस लावा, हँडब्रेकची केबल सरकते का ते हाताने ओढून बघा. दहा हजारांच्या छापील यादीत याला 'तपासणी' एवढाच शब्द असतो आणि वर्कशॉपच्या घाईत तपासणी म्हणजे बॅटरी टॉर्चचा एक झोत. उभी करताना हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला अडसर लावला तर यातलं निम्मं काम वाचतं, हे जाता जाता.

यावर ठरलेला आक्षेप असा: आम्ही दर रविवारी दहा मिनिटं गाडी सुरू करून ठेवतो, मग काय बिघडणार? हेतू चांगला आहे, पण आकडे साथ देत नाहीत. आजच्या गाडीत कुलूप लावल्यावरही अलार्म, घड्याळ आणि संगणक थोडी वीज घेतच राहतात. तीस मिलिअँपिअर धरली तर दिवसाला पाऊण अँपिअर-अवर, आठवड्याला पाच, महिन्याला वीसच्या वर. लहान गाडीची बॅटरी असते साधारण पस्तीस अँपिअर-अवरची. जागेवर, कमी वेगात फिरणारं इंजिन दहा मिनिटांत त्यातलं फार तर दोन-तीन परत देईल, आणि हेडलाइट किंवा एसी चालू असला तर तेही नाही. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत असताना १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४च्या खाली ती दिवसेंदिवस पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग चार्जरही पुरेसा ठरत नाही. म्हणजे रविवारचा हा नेम बॅटरीला जगवत नाही, फक्त तिचा मृत्यू थोडा लांबवतो. इंजिनाचं तर नुकसानच होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर नीट तापले तर ते वाफ होऊन निघून जातं, नाही तापले तर तिथेच मुरतं. दहा मिनिटांत तळघरातली गाडी तेवढी तापत नाही. सायलेन्सर आतून सडतो, तेलात ओल आणि न जळलेलं पेट्रोल मिसळतं. लायकमिंगनेही विमानमालकांना हेच बजावलं आहे की जमिनीवर थोडा वेळ इंजिन चालवणं हा उडवण्याला पर्याय नाही, त्याने गंज घटण्याऐवजी वाढतो. डिझेल गाडीत, विशेषतः एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये, काजळीचा फिल्टर साफ व्हायला सलग वेगाची धाव लागते. तिला तळघरात घुरघुरत ठेवणं म्हणजे फिल्टर भरत राहणं. दोन आठवड्यांतून एकदा नावलूर-केळंबाक्कमकडे अर्धा तास नेऊन आणावी, एसी लावून. ते जमत नसेल तर सुरूच करू नये आणि बॅटरीला छोटा चार्जर जोडून ठेवावा किंवा तिचा निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवावा. यात संकुलाच्या समितीकडून तळघरात विजेचा पॉइंट मिळवणं हे सर्वांत अवघड काम.

कमी चाललेली गाडी म्हणजे कमी काम करणारी गाडी, हाही एक गैरसमज. तिचं काम कमी नसतं, वर्षभराचं एका आठवड्यात कोंबलेलं असतं. अकरा महिने तळघरात, आणि बाराव्या महिन्यात चार माणसं, डिकीत बॅगा, वर आईसाठी घेतलेलं काहीतरी, अशी भरलेली गाडी बेंगळुरूमार्गे पुण्याकडे सुमारे बाराशे किलोमीटर, ताशी शंभरने, मे महिन्याच्या डांबरावर. सर्वांत लांब विश्रांतीनंतर लगेच सर्वांत मोठं काम. टायर महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपसूक सोडतो. वर्षभर न पाहिलेला टायर कमी हवेवर, जास्त वजनाने, जास्त वेगाने पळतो आणि तापतो. रबरातली ओझोनपासून राखणारी द्रव्यं टायर दबत-फुलत राहिला तरच पृष्ठभागावर येत राहतात. एका जागी उभ्या टायरला हे संरक्षण मिळत नाही आणि बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पडतात. तळघरात ऊन लागत नाही एवढा दिलासा. म्हणून नक्षीच्या खोलीआधी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी बारकाईने तपासणी आणि दहाव्या वर्षी, नक्षी कशीही असो, निरोप, असा टायर कंपन्यांचाही साधारण सल्ला आहे. इथल्या उन्हाळ्यात आणि महामार्गाच्या वापरात मी तरी सहा-सात वर्षांपुढे कुणाला जाऊ देणार नाही.

ब्रेक ऑइलचंही असंच. ते हवेतलं पाणी शोषतं, हळूहळू, नळीच्या रबरातूनसुद्धा. डॉट-४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान मर्यादा उरते १५५ अंशांची. शोळिंगनल्लूरच्या सिग्नलवर हा फरक कधीच कळणार नाही. तो कळेल तिरुमलाच्या उतरणीच्या घाटात किंवा गावी जाताना आंबोलीच्या वळणांवर, जिथे पाय सतत ब्रेकवर असतो, ऑइल उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जातं. दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, किलोमीटर काहीही असोत, हे मी कमी चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत सर्वांत ठामपणे सांगतो, आणि बिलात सर्वांत आधी खोडली जाणारी ओळही हीच असते. स्वस्त असूनही.

मग वाचवायचं कुठे? भरपूर ठिकाणी. तीन हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला इंजिन फ्लशिंग, डीकार्बनायझेशन, इंजेक्टर क्लीनिंग, अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं दरवेळचं पॅकेज, यांतलं काही लागत नाही, जोवर एखादी खरी तक्रार नाही. एअर फिल्टर झटकून परत बसतो. मात्र उघडून पाहावाच, कारण उंदरांचं घरटं पहिलं तिथेच सापडतं आणि कुरतडलेल्या वायरी त्याच्या आसपास. स्पार्क प्लग, ब्रेक पॅड, ट्रान्समिशनचं तेल, यांना काट्याचाच नियम लागू. वादाचा मुद्दा इंजिन ऑइलचा. तेल बंद इंजिनात नुसतं पडून फारसं बिघडत नाही, आणि वर्षातून एक लांब दौरा करणाऱ्या गाडीचं तेल तर त्या दौऱ्यात तापून ओल टाकून देतं. म्हणून ते दर वर्षी बदलणं हा अतिरेक आहे, असं काही जाणते मेकॅनिक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. तरी मी बदलायला सांगतो, दोन कारणांनी: बहुतेकांची गाडी अगदी बंदही नसते, ती आठवड्याला दोन किलोमीटर भाजीला जाते, आणि तेलाला याहून वाईट वापर नाही, शिवाय वॉरंटी शिल्लक असेल तर वार्षिक सर्व्हिसचा शिक्का पैशांपेक्षा मोलाचा. वॉरंटी संपलेल्या, खरोखर फक्त लांब पल्ल्यालाच निघणाऱ्या गाडीचा मालक दोन वर्षं थांबला तर मी वाद घालणार नाही.

एक आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. मार्च २०२०च्या लॉकडाउनमध्ये देशभरातल्या गाड्या महिनोनमहिने उभ्या राहिल्या. अनेक कंपन्यांनी मोफत सर्व्हिस आणि वॉरंटीच्या मुदती वाढवून दिल्या. म्हणजे वर्षाची अट ही कंपन्यांनाही कागदीच वाटते, असं नाही का होत? मुदतवाढ ही व्यवहाराची सोय होती. वर्कशॉपच बंद असताना ग्राहकाला दोष देता येत नव्हता. पण त्या काळाने खरा पुरावा दिला तो वेगळाच. टाळं उघडल्यावर गाड्या कशाने अडल्या? उतरलेल्या बॅटऱ्या, चिकटलेले ब्रेक, कुरतडलेल्या वायरी, बसलेले टायर. इंजिनं बहुतेक सुखरूप होती. म्हणजे उभं राहिल्याने नुकसान झालं, पण छापील यादीत ज्यावर सर्वांत जास्त खर्च लिहिलेला असतो तिथे ते झालं नाही. माझा मुद्दा याहून फार वेगळा नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. पळ्ळिकरणैची पाणथळ जागा, पेरुंबाक्कम आणि शोळिंगनल्लूर हा सगळा सखल पट्टा. डिसेंबर २०१५च्या पुरात आणि डिसेंबर २०२३मध्ये मिचॉंग चक्रीवादळाच्या पावसात इथली तळघरं भरली. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत आलं आणि दोन दिवसांत ओसरलं, तर गाडी वरून जशीच्या तशी दिसते, सुरूही होते, आणि काट्यावर एक किलोमीटरही वाढलेला नसतो. पण बेअरिंगमध्ये, ड्रममध्ये, गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून तेलात पाणी जाऊ शकतं, आणि गालिच्याखालचा फेल्ट महिनोनमहिने ओला राहून जमिनीचा पत्रा आणि तिथले वायरींचे जोड खातो. अशा गाडीची त्या वर्षीची सर्व्हिस कुठल्याच पुस्तिकेत मिळणार नाही. गालिचा उचला, बेअरिंग फिरवून आवाज ऐका, गिअरचं तेल थेंबभर काढून बघा, दुधाळ दिसलं तर बदला. आणि पाणी आत असताना किल्ली फिरवू नका, कारण सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

शेवटचा आक्षेप अर्थातच पैशाचा. एवढं सगळं करायचं तर गाडी ठेवायचीच कशाला, विकून टाका आणि गावी विमानाने जा. हिशेबाने हे बरोबर असू शकतं. विमा, दर वर्षी पीयूसी, पार्किंग, बॅटरी आणि टायर यांची बेरीज करून कुणी तसं ठरवलं तर त्यात माझ्या कामाचा माणूस काही बोलू शकत नाही. मात्र मी वर सांगितलेली कामं एका वर्षाच्या नेहमीच्या पॅकेजपेक्षा महाग पडत नाहीत, कारण जेवढं वाढतं तेवढंच खोडलंही जातं. फक्त टायर आणि बॅटरीचं वर्ष जड जातं. विकायला निघालेल्या माणसाला मात्र बाजार हात देतो. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात कमी किलोमीटर हा अजूनही सर्वांत मोठा गुण समजला जातो आणि सात वर्षांत वीस हजार चाललेल्या गाडीला रोज वापरलेल्या, वेळच्या वेळी सर्व्हिस झालेल्या साठ हजारांच्या गाडीपेक्षा जास्त भाव येतो. दोन्ही समोर असतील तर मी बहुतेक वेळा दुसरी घेईन. पहिली घ्यायचीच असेल तर विकणाऱ्याकडे ब्रेक ऑइल आणि बॅटरी बदलल्याची बिलं मागावीत, पाचव्या, स्टेपनीच्या टायरवरचे आकडेही वाचावेत, आणि २०२३च्या डिसेंबरात ती कुठल्या तळघरात उभी होती तेवढं विचारून घ्यावं.